तोंडातला पूल पडला, आता स्क्रूवरचे दोन दात, सगळा हिशोब मांडतोय

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, गेली एकतीस वर्षं. त्यामुळं सवयच अशी लागलीय की कुठं दहा रुपये गेले तरी वहीत टिपून ठेवायचे. दातांचंही तसंच टिपून ठेवलंय २००९ पासून, म्हणून म्हणलं लिहूनच टाकावं, कारण गेल्या वर्षभरात निदान वीस जणांनी तोंडात बोट घालून विचारलंय की ओ दिवाणजी ते स्क्रूचे दात कसे आहेत, दुखतंय का, किती गेले. क्लिनिकचं नाव टाकणार नाही. डॉक्टर चांगले आहेत पण तक्रारीही आहेत थोड्या, आणि उगाच कुणाच्या धंद्यावर नाव घेऊन बोलायचं नाही.

सुरवात अशी की २००९ ला खालची डावी मोठी दाढ किडली. आर्सीटी केली, म्हणजे दाढेच्या आतली किडलेली नस काढून मसाला भरायचा, २५०० रुपये. डॉक्टर म्हणाले आता यावर कॅप बसवायला लागेल, २००० होतील, नाहीतर दाढ फुटंल. मी म्हणलं दुखायचं थांबलंय ना, मग कॅप कशाला, हे पैसे काढायचे धंदे. तीन वर्षं ती दाढ तशीच वापरली. आता कळतंय की आर्सीटी केलेली दाढ मुळात किडून आणि कोरून पोकळ झालेली असते, वरून टोपी नसली की चावायच्या जोरानं उभी चिरते. तशीच चिरली २०१२ ला, पार मुळापर्यंत. काढली, ३०० रुपये. ते २००० वाचवले होते ना, ते लक्षात ठेवा, पुढं हिशोबात येणार आहेत.

मग २०१३ ला ब्रिज केला. म्हणजे मधली दाढ नाही तर पुढचा आणि मागचा असे दोन चांगले दात चारी बाजूंनी घासून बारीक करायचे आणि त्याच्यावर तीन दातांची एकसंध टोपी सिमेंटनं चिकटवायची, मधला दात नुसता हवेत. आतून धातू वरून सिरॅमिक. ९००० रुपये. खरं सांगतो ब्रिज वाईट नाही, आठवड्यात दात मिळतो, ऑपरेशन नाही काही नाही, आणि पहिली सात आठ वर्षं मी विसरूनही गेलो होतो की तिथं माझा दात नाही. पण त्याच्याखाली साफ करायला एक वेगळा दोरा घालायला लागतो, तो मी एकदाही घातला नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं की नव्हतं तेही आठवत नाही. खाली हळूहळू कीड लागत होती. वरून सगळं चकचकीत, म्हणून कळत नाही, आणि पुढच्या दाताची आर्सीटी नव्हती तरी दुखलं नाही. फक्त तोंडाला वास यायला लागला, तो बायकोला आधी आला आणि मला नंतर.

२०२२ च्या दिवाळीत भडंग खाताना कट्ट झालं आणि पूर्ण ब्रिज हातात आला, त्यात पुढच्या दाताचा तुकडा अडकलेला. आमच्या इथला आयर्विन पूल १९२९ पासून कृष्णेचे एवढे महापूर खाऊन उभा आहे आणि माझ्या तोंडातला पूल नऊ वर्षांत भडंगाच्या एका फुटाण्यानं पाडला. पुढचा दात हिरडीपर्यंत गेलेला, तोही काढायला लागला. म्हणजे एक दात नव्हता तिथं आता दोन नाहीत आणि मागची दाढ घासून बारकी झालेली, उघडी.

मधल्या काळात काढता घालता दात केला. गुलाबी प्लास्टिक, दोन तारांचे आकडे, २५००. याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्याला परवडत नाही किंवा ज्याचं ऑपरेशन होऊ शकत नाही त्याला ठीक आहे, पण मला नाही जमलं. शेंगदाण्याचा कण खाली गेला की ब्रह्मांड आठवतं. जेवताना काढून शर्टाच्या खिशात ठेवायचो आणि एक दिवस शर्ट धुवायला गेला. दात परत मिळाला पण तारा वाकल्या त्या वाकल्याच.

आता मुद्द्याचं. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्याच्यावर दात.

पहिल्यांदा जिथं गेलो तिथं बाहेर मोठा बोर्ड, एका दिवसात पक्के दात, १५,००० पासून. मी हिशोबातला माणूस, विचारलं की १५ मध्ये काय काय आलं. बरंच घुमवल्यावर कळलं की १५ म्हणजे नुसता हाडातला स्क्रू. त्याच्यावरचा जोड, म्हणजे स्क्रू आणि कॅपच्या मधला तुकडा, तो वेगळा, कॅप वेगळी, स्कॅन वेगळा. म्हणजे हळदीचा भाव सांगायचा आणि हमाली तोलाई पोतं नंतर लावायचं. बरं एका दिवसात दात हे पूर्ण खोटं असतं असंही नाही, हाड दणकट असलं आणि स्क्रू घट्ट बसला तर त्याच दिवशी टेम्पररी दात लावतात, पण माझ्या तोंडात न बघता, साधा एक्सरेही न काढता हो म्हणाले म्हणून मी उठलो.

दुसरे डॉक्टर, ज्यांच्याकडं शेवटी केलं, त्यांनी आधी सीबीसीटी काढायला पाठवलं. हा थ्रीडी स्कॅन, डोक्याभोवती मशीन फिरतं, अर्ध्या मिनिटाचं काम, २००० रुपये. माझ्या मते सगळ्यात वसूल झालेले पैसे हेच. कारण साध्या एक्सरेत हाडाची उंची दिसते पण रुंदी दिसत नाही. यांनी कॉम्प्युटरवर जबड्याचा ब्रेडसारखा एकेक स्लाइस करून दाखवला, आणि खालच्या जबड्यातून जी नस जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी, ती लाल रेघेनं मार्क केली, म्हणाले हिच्यापासून दोन मिलिमीटर तरी लांब राहायचं, हिला धक्का लागला तर ओठ बधिर पडतो आणि कधी कधी कायमचा. आणि मग दाखवलं की २०१२ ला जिथली दाढ काढली होती तिथलं हाड आतून झिजून धारेसारखं झालंय. दात गेला की तिथल्या हाडाला काम राहत नाही आणि ते विरघळत जातं, पहिल्या वर्षात जास्त आणि मग हळूहळू. वर ब्रिज होता पण तो हवेत होता ना, हाडाला त्याचा काय उपयोग. हे मला तेरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी पैसे काढायचे धंदे म्हणून ऐकलं नसेल.

मग रक्त तपासलं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ८.४. डॉक्टर म्हणाले ७ च्या आसपास आणा मग या, साखर अशी असताना हाड धरत नाही आणि जखम चिघळते. आणि तंबाखू बंद. मार्केट यार्डात राहून तंबाखू बंद म्हणजे काय ते यार्डातल्या माणसालाच कळंल, सौदे चालू असताना दर पाच मिनिटाला कुणीतरी मळलेला हात पुढं करतंय. फेब्रुवारी होता, हळदीचा सीझन नुकता चालू झालेला, तसंही सुट्टी मिळणार नव्हती. रोज सकाळी आमराईत चालायला लागलो, भात कमी केला, तंबाखूच्या जागी बडीशेप. दोनदा मोडलं, खोटं कशाला बोलू, पण मे अखेरीला साखर ७.१ आली. जो डॉक्टर आलेलं गिऱ्हाईक चार महिने परत पाठवतो तो बरा असं माझं तेव्हाच मत झालं.

कंपनीचंही विचारलं होतं. त्यांच्याकडं स्ट्रॉमन म्हणजे स्विस, आणि ऑस्टेम म्हणजे कोरियन, असे दोन होते. स्विसचे जवळजवळ दुप्पट. मी विचारलं फरक काय, तर म्हणाले दोन्ही टायटॅनियमच, तुमच्यासारख्या केसला कोरियननं काम होतंय, ब्रँडपेक्षा मागं सुटे पार्ट मिळत राहतील अशी कंपनी घ्या. हे पटलं, स्कूटर घेताना आपण हेच बघतो. कोरियन घेतला, २२,००० एक असे दोन.

टायटॅनियमच का, तर त्याची गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती मला लई आवडली. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क म्हणून एक संशोधक होता, १९५२ च्या सुमाराला सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवून रक्त कसं वाहतं ते बघत होता. काम झाल्यावर महागाची डबी परत काढायला गेला तर निघेचना, हाड तिला चिकटून एकजीव झालेलं. शोधत होता एक आणि सापडलं भलतंच. १९६५ ला पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात बसवले, आणि तो पेशंट २००६ ला वारला तोपर्यंत ते दात त्याच्या तोंडात होते म्हणे. चाळीस वर्षं. माझा ब्रिज नऊ.

ऑपरेशन जूनमध्ये, बाहेर धो धो पाऊस. भीती खूप होती, रात्रभर झोप नाही. पण सुई दिली ती दाढ काढताना देतात तीच, फक्त जागेला भूल, मी पूर्ण शुद्धीत. दुखलं नाही, पण ड्रिल चालताना जी थरथर डोक्यात घुमते ना ती विचित्र असते, घरात शेजारचा भिंतीला भोक पाडतोय आणि भिंत आपणच आहोत. सारखं थंड पाणी सोडत होते, विचारलं तर म्हणाले हाड ४७ अंशाच्या वर मिनिटभर जरी तापलं तरी मरतं, म्हणून हळू हळू, थांबत थांबत. मग स्क्रू हातानं पान्यासारख्या हत्यारानं पिळला, त्याच्यावर किती जोरानं पिळलं त्याचे आकडे असतात, ३५ ला आल्यावर असिस्टंटला म्हणाले छान. दोन स्क्रू, वर ग्राफ्ट म्हणजे कमी पडलेल्या हाडाची भर, टाके, सगळं मिळून सव्वा तास. जबडा उघडा ठेवून गालफडं दुखली तेवढीच.

ग्राफ्टबद्दल एक गोष्ट लिहितो जी कुणी आपणहून सांगत नाही. हाड कमी असलं तर तिथं जी पावडर भरतात ती बऱ्याचदा गाईबैलाच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली असते, आणि वर जो पातळ पडदा ठेवतात तोही प्राण्यापासूनचा असू शकतो. आमचे शेठ जैन आहेत, त्यांनीच मला सांगितलं होतं विचारून घे. विचारल्यावर डॉक्टर म्हणाले सिंथेटिक पण मिळते, तुमच्या केसला चालंल. मी खातो सगळं, पण घरात आई आहे, तिला कळलं असतं तर माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं, म्हणून सिंथेटिक घेतलं. ज्यांना फरक पडतो त्यांनी आधीच विचारा, ऑपरेशनच्या खुर्चीवर बसून नाही.

आणि इथंच माझी पहिली तक्रार. हाड बारीक आहे हे स्कॅनवर फेब्रुवारीतच दिसलेलं, मग ग्राफ्टचे १२,००० मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोनवर का सांगितले? रिसेप्शनची मुलगी म्हणाली सर सांगणार होते, सर म्हणाले मला वाटलं तिनं सांगितलं. पैसे द्यायला ना नाही ओ, पण कोटेशन म्हणजे कोटेशन. एका कागदावर लिहून घ्या सगळं, स्क्रू, जोड, कॅप, ग्राफ्ट लागला तर किती, आणि स्क्रू धरला नाही तर परत बसवायचे पैसे कोण देणार. हा शेवटचा प्रश्न विचारा नक्की. माझ्या डॉक्टरांनी पहिल्या वर्षात धरला नाही तर स्क्रूचे पैसे घेणार नाही असं लिहून दिलं होतं, तशी वेळ आली नाही.

नंतरचे दिवस सांगतो. पहिल्या दिवशी बर्फ, थुंकायचं नाही, गरम काही नाही. सूज दुसऱ्या तिसऱ्या दिवशी जास्त, गाल असा की दुकानात सगळे म्हणाले दिवाणजी परत पान खायला लागले. दुखणं गोळीवर राहण्याइतकं, दाढ काढली होती त्यापेक्षा कमीच म्हणेन. आठवडाभर खिमट, ताक-भात, रव्याची पेज. तो जांभळा-गुलाबी माउथवॉश दिला त्यानं जिभेची चव जाते, चहा पाण्यासारखा लागायचा, तो बंद केल्यावर चव परत आली. दहा दिवसांनी टाके काढले.

मग नुसतं थांबणं. साडेचार महिने. खालच्या जबड्याचं हाड घट्ट म्हणून तीन-चार महिन्यांत धरतं, वरच्याचं भुसभुशीत म्हणून सहा महिनेसुद्धा लागतात, माझा ग्राफ्ट होता म्हणून थोडं जास्त. या काळात आत काय चाललंय काही कळत नाही, दुखत नाही, हलत नाही, पेरणी करून वर आभाळाकडं बघत बसल्यासारखं. दर महिन्याला बोलवायचे, बघायचे, जावा म्हणायचे. बायको म्हणाली एवढं बघायला पेट्रोल जाळून कशाला बोलावतात.

नोव्हेंबरमध्ये हिरडी उघडून वर छोटी टोपी लावली, हिरडीला आकार यायला, दोन आठवडे. ती टोपी एकदा सैल झाली रविवारी जेवताना, घाबरून फोन केला, डॉक्टरांनी उचलला आणि संध्याकाळी क्लिनिक उघडून पाच मिनिटात घट्ट केली, पैसे घेतले नाहीत. हे कौतुकाचं आहे ते लिहायलाच पाहिजे.

माप घ्यायला तोंडात लुगदी कोंबली नाही, कॅमेऱ्याची कांडी फिरवली आणि स्क्रीनवर माझे दात दिसले, ते बघून लाज वाटली, एवढा तंबाखूचा थर. झिर्कोनियाच्या, म्हणजे दणकट पांढऱ्या सिरॅमिकच्या, कॅप आल्या. आणि इथं दुसरी तक्रार, पहिल्या कॅपमध्ये मागच्या दाढेशी फट राहिलेली, प्रत्येक घासाला मेथीची काडी अडकणार म्हणजे अडकणार. दोनदा म्हणाले सवय होईल. सवय कसली ओ, फटीची सवय होते का? तिसऱ्यांदा मी त्यांच्यासमोरच दोरा घालून दाखवला, सरसर जातोय बघा, तेव्हा कॅप काढून लॅबला परत पाठवली. लॅबनं बारा दिवस घेतले. नवीन आली ती एकदम बरोबर बसली.

कॅप काढता आली कारण ती सिमेंटची नाही, स्क्रूची होती. वरून बारीक भोक असतं, आत स्क्रू, आणि भोक दाताच्या रंगाच्या फिलिंगनं बुजवतात, नीट बघितलं तरच दिसतं. जागा असेल तर हीच मागा. सिमेंटची असती तर तोडायला लागली असती, आणि सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तिथं पू होतो असं म्हणतात डॉक्टर लोकच.

आणखी एक, जाताना कार्ड मागून घ्या. त्याच्यावर स्क्रूच्या डबीचं स्टिकर चिकटवतात, कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर. उद्या मी मुलाकडं पुण्याला असताना स्क्रू ढिला झाला तर तिथल्या डॉक्टरला कुठल्या कंपनीचा पाना लावायचा ते कळायला पाहिजे, प्रत्येकाचा वेगळा असतो. मला आपणहून दिलं नाही, मागितल्यावर दिलं. पाकिटात आधारकार्डाच्या मागं ठेवलंय.

आता वर्ष उलटून गेलं. भाकरी, ऊस, भडंग, मटण, सगळं त्या बाजूनं खातो. ऊस दातानं सोलत नाही, त्याला डॉक्टरांनी हात जोडले. एक गोष्ट मात्र वेगळी आहे ती सांगायला पाहिजे, आपल्या दाताखाली खडा आला की लगेच झिणझिण्या येतात, या दाताला तसं जाणवत नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती नाजूक गादी असते ती इथं नाही, हाड थेट धातूला. त्यामुळं जोर किती लागतोय ते कळत नाही, पहिल्या महिन्यात मी गाल दोनदा चावला. दात किडत नाही हे खरं, पण भोवतीची हिरडी आणि हाड बिघडू शकतं, आणि बिघडलं तर बऱ्याचदा दुखत नाही म्हणून कळत नाही, कधी कधी पार हलायला लागल्यावरच कळतं. म्हणून आता बाटलीब्रशच्या पिल्लासारखा तो छोटा ब्रश रोज रात्री, आणि पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन घेतलंय २४०० चं. बायको म्हणते एवढी सेवा देवाची केली असतीस तर.

हिशोब. स्कॅन २०००, दोन स्क्रू ४४,०००, ग्राफ्ट आणि पडदा १२,०००, दोन जोड आणि कॅप १८,०००, मागच्या घासलेल्या दाढेला नवी कॅप ६०००, औषधं ११००, फवारा २४००. एकूण ८५,५००. माझ्या मेडिक्लेममध्ये एक रुपया मिळाला नाही, दातांचं त्यात नव्हतंच. आधीची आर्सीटी, दाढ काढणं, ब्रिज, काढता दात मिळून १४,३००. सगळं मिळून ९९,८००, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, कॅप नको, २००० वाचले.

ज्यांना एवढं झेपत नाही त्यांनी डेंटल कॉलेजला विचारून बघा, आपल्याकडं वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील कॉलेज आहे. कॉलेजात शिकणारी मुलं करतात पण वर सर उभे असतात, खर्च कमी, वेळ जास्त आणि खेपा जास्त. आईची पूर्ण कवळी आम्ही कॉलेजातच केली होती, वरची घट्ट बसते, खालची बोलताना नाचते. खाली दोन स्क्रू टाकून बटणासारखी कवळी अडकवता येते, तिला पण विचारलं होतं. ती म्हणाली, ब्याऐंशी वर्षाच्या जबड्यात भोकं पाडून तुला काय मिळणार, मला शिरा करून घाल.

मार्क द्यायचे तर इम्प्लांटला दहापैकी नऊ, डॉक्टरांच्या हाताला साडेनऊ, त्यांच्या बिल सांगायच्या पद्धतीला पाच. जायचं असेल तर मेसेज करा, नाव खाजगीत सांगतो. मी तर उद्याच परत जातोय, वरची उजवी दाढ आठवडाभर थंड पाण्यानं कळ मारतेय, अकराची वेळ घेतलीय.